पिवळी वायर

रात्री अकराला त्यानं विचारलं, आता करू की नंतर?
म्हटलं, कर बाबा, रोजची कटकट नको.
सकाळी पाहतो तर पडदा नवा, अक्षरं बारीक,
आणि कोपऱ्यातली ती उघडलेल्या पंख्यासारखी खूण
गायब.

खुणेवर फुली नव्हती. नुसती जागा कोरी.
मी सूच्या करतो, पुस्तकांच्या शेवटी असतात त्या.
शब्द ज्या पानावर नाही
ते पान मला आधी दिसतं.

कोंढव्याहून ओवेस आला, हेल्मेट न काढताच म्हणाला,
काका, ड्रायव्हर गेला.
कुठे गेला?
नव्या सिस्टीमला तुमचं जुनं कार्ड ओळखू येत नाही.
माझ्याच फोनची वायर लावून काहीतरी उतरवलं,
तीनदा बंद केलं, तीनदा चालू,
साडेतीनशे घेतले, चहा अर्धा ठेवला.

खूण आली.
टिचकी मारली तर अख्खी सोसायटी रांगेत:
मोरजकर पाच-जी, डॉक्टर क्लिनिक,
फुकट-मिळणार-नाही,
आणि तळाशी, दोन दांड्या भरलेला, केंजळे-वरचा.
त्याच्याखाली चौकट. पासवर्ड?

मला तो कधीच माहीत नव्हता.
सहा वर्षांपूर्वी दमयंतीबाई स्वतः खाली आल्या होत्या,
चष्मा कपाळावर सरकवून एका बोटानं टाइप केला होता.
पुस्तकांचं काम ना तुमचं, मग घ्या की.
महिन्याचे दीडशे मी पाकिटात घालून
त्यांच्या पत्रपेटीत टाकतो.
मग टाकीच्या झाकणाची ती मीटिंग झाली.
मी काय बोललो ते इतिवृत्तात आहे.
तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आलो
की दोघंही विजेच्या मीटरचे आकडे वाचतो.

दीडशे चुकवले नाहीत.
आणि यंत्रानं तो शब्द धरून ठेवला होता, मुकाट.
परवा रात्री तोही विसरला.

नारायण पेठेतून प्रकाशकाचा फोन: सूची कुठवर?
'झ'पर्यंत, म्हटलं. खोटं नव्हतं.
तिसऱ्या संध्याकाळी लॅपटॉप छातीशी धरून
एक मजला चढलो. अठरा पायऱ्या.

दार उघडलं. कांद्याच्या पातीचा वास.
कुलथे, तीन दिवस दिसला नाहीत.
मी घरीच होतो.
घरी नव्हे हो, राउटरवर.
मुलानं फोनमध्ये यादी लावून दिलीय, कोण कोण जोडलंय.
तुम्ही रात्री दीडपर्यंत असता.
परवापासून नाही. आज खाली यायचंच ठरवलं होतं,
जरा थांबून, म्हणजे वॉचमनला पाठवायचं.

पासवर्ड बदलला नाहीत?
कशाला? मला तरी कुठे नवा पाठ होतोय!

त्यांनी टाइप केला, त्याच एका बोटानं.
चाक फिरलं, फिरत राहिलं.
जोडले आहे, इंटरनेट नाही.
पुन्हा. जोडले आहे, इंटरनेट नाही.
हे बरं, आपल्यासारखंच, बाई म्हणाल्या.
किंवा म्हणाल्या नसतील,
मी ऐकलं असेल.

ओवेस फोनवर हसला: कार्डच म्हातारं आहे काका,
वायर टाका सरळ.
तापकीर गल्लीतून वीस मीटर आणली,
पिवळी, कारण काळी संपली होती.

आता ती त्यांच्या गॅलरीतून निघते,
कढीपत्त्याच्या कुंडीला वळसा घालून
माझ्या खिडकीत शिरते.
तळजाईवरून वारा आला की भिंतीवर टकटक करते.
खिडकी पूर्ण लागत नाही, डास येतात,
सूची 'भ'पर्यंत आली आहे.

सचिवांनी फलकावर नोटीस लावली:
दर्शनी भागावर वायरी लोंबकळू देऊ नयेत.
खाली कुणीतरी लिहून ठेवलंय,
आधी झाकणाचं बघा.
अक्षर केंजळेबाईंचं.
पेन माझं.